राग ‘आवरला नाही’ की ‘अनावर झाला’?

‘राग अनावर झाल्याने पतीने पत्नीच्या डोक्यात वरवंटा घातला’ अशा धाटणीचे वाक्य मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला नवे नाही. जिल्ह्याच्या पानावर, आतल्या रकान्यात, सहा-सात ओळींच्या बातमीत ते वर्षानुवर्षे येत राहिले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद जागच्या जागी आहे. तरीही वाक्याचा पहिला तुकडा वाचकाच्या कानात हळूच काही सांगून जातो. त्या घरात नवरा-बायकोखेरीज आणखी कोणी तरी होते, त्याचे नाव राग, आणि ते कोणाच्याच हुकमतीत नव्हते. ‘अनावर’ म्हणजे जे आवरत नाही ते. त्यामुळे या विशेषणाचा हिशेब मांडायचा झाल्यास आधी ‘आवरणे’ या क्रियापदाकडे जावे लागते. मराठी माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जी क्रियापदे वापरतो त्यांत याचा क्रमांक बराच वरचा असावा. मात्र त्याच्या अर्थाकडे फारसे कोणी वळून पाहत नाही.

संस्कृतातील ‘वृ’ या धातूला झाकणे आणि अडवणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘आवरण’ या नामात पहिला अर्थ राहिला, ‘निवारण’ या नामात दुसरा. मराठीने ‘आवरण’ हे नाम पुस्तकी भाषेसाठी ठेवले आणि ‘आवरणे’ हे क्रियापद घरात घेतले. घरात आल्यावर त्याने झाकण्याचा अर्थ जवळपास टाकून दिला. आज कोणी ‘भांडे आवर’ म्हटले तर ते झाकावे असे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. ते उचलून जागेवर ठेवायचे, एवढेच कळते.

पसारा आणि मोह

घर आवरणे, अंथरूण आवरणे, केस आवरणे, पदर आवरणे, उधळलेला बैल आवरणे, रडू आवरणे, खर्च आवरणे, भाषण आवरणे. या प्रयोगांत वरवर पाहता काहीच समान नाही. परदेशी विद्यार्थ्याला मराठी शिकवताना यांतील प्रत्येकासाठी निराळा प्रतिशब्द शोधावा लागतो. मराठी मनाला मात्र ही एकच क्रिया वाटते. जे आपल्या जागेतून बाहेर पसरले आहे किंवा पसरू पाहत आहे, ते गोळा करून पुन्हा त्याच्या हद्दीत आणणे, हा तिचा गाभा. खोलीभर पसरलेली खेळणी आणि ओठांच्या कडेने बाहेर पडू पाहणारे हसू यांत भाषा फरक करीत नाही.

हा गाभा लक्षात घेतला म्हणजे आत्मसंयमाची मराठी कल्पनाही थोडी वेगळी दिसू लागते. ‘राग गिळणे’ यात राग आत जातो आणि तिथेच राहतो. गिळलेले कधी तरी वर येणार, ही धास्ती त्या प्रयोगातच आहे. ‘राग दाबणे’ यात वरून भार आहे. भार उचलला की राग उसळणार. ‘राग आवरणे’ यात गिळणे नाही की दाबणे नाही. राग आहे, तो आल्याचे नाकारलेले नाही, त्याला फक्त त्याच्या जागेबाहेर पसरू दिलेले नाही. त्यामुळे आवरलेला राग नंतर शब्दांत मांडता येतो, त्यावर बोलता येते. गिळलेल्या रागाचे तसे होत नाही.

आवरण्याला एक पूर्वअटही असते. जे उसळलेलेच नाही ते आवरता येत नाही. ज्याला गोड आवडत नाही तो जिलबी नाकारतो तेव्हा त्याने मोह ‘आवरला’ असे कोणी म्हणणार नाही. ‘टाळणे’ला ही अट नाही. ‘अनावश्यक प्रवास टाळा’ अशी सूचना लावता येते, कारण प्रवासाची ओढ असो वा नसो, टाळणे शक्य आहे. पथ्याचे पदार्थ टाळले जातात, नकोशी भेट टाळली जाते, उत्तर टाळले जाते. टाळणारा मनातून शांतही असू शकतो. आवरणारा शांत नसतो. त्याच्या आत त्या क्षणी झटापट चालू असते.

‘सावरणे’ हे याचे जोडीदार क्रियापद. ‘आवरसावर’ या शब्दात दोघे हातात हात घालून येतात आणि पदराच्या बाबतीत तर दोन्ही चालतात. पण माणसाच्या बाबतीत त्यांचे काम निराळे आहे. ज्याचा तोल गेला आहे, ज्याच्यावर आघात झाला आहे, त्याला ‘सावर’ म्हणतात. ज्याच्या हातून काही घडण्याच्या बेतात आहे त्याला ‘आवर’ म्हणतात. दुखवट्याच्या घरी ‘स्वतःला सावरा’ म्हणायचे असते. तिथे ‘स्वतःला आवरा’ असे कोणी म्हटले तर ते समजावणी न होता दटावणी होते.

‘सोडणे’ची गंमत

स्वेच्छेने स्वतःवर बंधन घालण्यासाठी मराठीत ‘सोडणे’ हे दुसरे मोठे क्रियापद आहे. त्याचे घर व्रतवैकल्यात. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. त्या काळात अनेक घरांतून कांदा, लसूण, वांगी सोडण्याची प्रथा आहे. आदल्या एकादशीला दोन दिवस असताना, आषाढ शुद्ध नवमीला, कांद्याची भजी, थालीपिठे, झुणका असे कांद्याचे जितके प्रकार करता येतील तितके करून कांदेनवमी साजरी होते. निग्रहाला बसण्यापूर्वी जिभेचे एवढे लाड करण्यात मराठी संसाराला विसंगती वाटत नाही. काशीयात्रा करून आलेल्याने एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडावा, असाही जुना रिवाज आहे. त्यात अट एकच, पदार्थ आवडता हवा.

‘सोडणे’ आणि ‘आवरणे’ यांतील भेद काळाचा आहे. सोडणारा आधी ठरवतो. त्याचा निर्णय एकदाच होतो आणि पुढे नियम त्याला सांभाळतो. आवरणाऱ्याला आधार नसतो. प्रत्येक वेळी, त्या-त्या क्षणी, नव्याने आवरावे लागते. ‘वर्ज्य’ तर याहून दूर आहे. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, ते गायकाने मोह आवरला म्हणून नव्हे. ते रागाचे व्याकरणच आहे.

पण ‘सोडणे’ने मराठीत एक गंमत करून ठेवली आहे. ‘आजोबांनी मीठ सोडले’ म्हणजे त्यांनी बंधन घालून घेतले. ‘आजोबांनी उपवास सोडला’ म्हणजे बंधन संपवून ते जेवायला बसले. ‘तंबाखू सोडली’ आणि ‘मौन सोडले’ यांचीही तीच तऱ्हा. एकाच क्रियापदाने संयमाची सुरुवातही होते आणि शेवटही. कर्म काय आहे ते ऐकल्याशिवाय माणूस व्रतात शिरला की व्रतातून बाहेर पडला, ते कळायचे नाही. मराठी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना याचा कधी घोटाळा होत नाही, ही वेगळी गोष्ट.

सभा-समारंभात ‘आवरणे’ला आणखी एक रूप मिळाले आहे. ‘वेळेअभावी मी माझे भाषण आवरते घेतो’ हे वाक्य उच्चारल्यानंतर वक्ता किती वेळ बोलेल याचा अंदाज कोणत्याही संयोजकाला बांधता आलेला नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्यांचे ‘येथे एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही’ हे वाक्य त्याच जातीचे. मोह आवरत नाही असे जाहीर करून तो पुरवून घेण्याची ही सभ्य रीत आहे. तरुणांच्या बोलण्यात तर ‘आवरा!’ हा नुसता उद्गार झाला आहे. कोणी फारच बढाया मारू लागला की ‘अरे, याला आवरा कोणी तरी’ म्हणायचे. बैलाच्या बाबतीतला अर्थ असा फिरून माणसाला लागू झाला.

‘आवरते घेणे’ याच्या मागे मोठा इतिहासही उभा राहू शकतो. फेब्रुवारी १९२२ मध्ये संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले, पोलीस मारले गेले, आणि गांधीजींनी बारडोलीत असहकाराची देशव्यापी चळवळ थांबवण्याचा निर्णय घेतला. सहकाऱ्यांपैकी अनेकांना तो रुचला नाही. इतिहासाची मराठी पुस्तके या प्रसंगाला ‘चळवळ मागे घेतली’ किंवा ‘तहकूब केली’ असे म्हणतात. ‘आवरती घेतली’ हा प्रयोग त्या निर्णयाच्या आशयाला अधिक जवळचा ठरला असता. हद्दीबाहेर पसरू लागलेले तिथे मागे ओढून घेतले गेले होते.

‘ने’ आणि ‘ला’

या क्रियापदाचा खरा पेच त्याच्या व्याकरणात आहे. शाळेच्या व्याकरणात उभयविध क्रियापदांचा एक छोटा धडा असतो. ‘त्याने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’ अशी दोन्ही रूपे ज्यांची होतात ती उभयविध. ‘आवरणे’ याच वर्गातले. ‘तिने घर आवरले’ हे सकर्मक. ‘घर आवरले’, ‘माझे आवरले’ हे अकर्मक. सकाळी घराघरांतून ऐकू येणाऱ्या ‘झालं का तुझं आवरून?’ या प्रश्नात नेमके काय आवरायचे आहे ते सांगितलेलेच नसते. अंघोळ, कपडे, दप्तर, डबा हे सगळे त्यात गृहीत.

घराच्या बाबतीत ही दोन रूपे आलटून-पालटून वापरली तरी बिघडत नाही. रागाच्या बाबतीत बिघडते. पुढील चार वाक्ये एकापाठोपाठ वाचून पाहावीत. ‘त्याने राग आवरला नाही.’ ‘त्याला राग आवरता आला नाही.’ ‘त्याला राग आवरेना.’ ‘राग अनावर झाला.’ घटना एकच. पहिल्या वाक्यात तो माणूस कर्ता आहे; आवरणे त्याच्या हातात होते आणि त्याने ते केले नाही, असा अर्थ निघतो. दुसऱ्यात प्रयत्न केल्याची शक्यता त्याच्या पदरात टाकली आहे, पण जमले नाही. तिसऱ्यात ‘राग’ हाच कर्ता झाला. ‘तो ऐकेना’ यात जसा ऐकण्यास नकार आहे, तसा इथे आवरून घेण्यास रागाचाच नकार. माणूस ‘त्याला’ एवढ्यापुरता, सोसणारा म्हणून उरला. चौथ्या वाक्यात माणूस नाहीच.

यातली बारीक गोष्ट अशी की यशाच्या वेळी भाषा असे करीत नाही. ‘त्याने मोठ्या कष्टाने राग आवरला’ असेच म्हटले जाते. ‘त्याला राग आवरला’ हे कानाला अपुरे वाटते. संयम साधला तर ‘ने’ लावून श्रेय माणसाला द्यायचे आणि सुटला तर ‘ला’ लावून त्याला बाजूला उभे करायचे, अशी ही सोय आहे. ‘त्याच्याने आवरवले नाही’ असे शक्य क्रियापदाचे रूपही आहे आणि त्यातही दुबळेपणाच पुढे येतो, जबाबदारी नव्हे.

रडू, हसू, जांभई, खोकला यांच्या बाबतीत ही सोय रास्त आहे. निरोपसमारंभात ‘अश्रू अनावर झाले’ यात खोटे काही नाही. अश्रूंवर माणसाची सत्ता मर्यादितच असते आणि ते वाहिल्याने कोणाचे नुकसानही होत नाही. रागाची भावनाही काही अंशी तशीच. ती बोलावून येत नाही. अडचण हाताची आहे. जुन्या घरगुती बोलण्यात हा भेद चोख होता. पोराला मारायला उठलेल्याला म्हातारी माणसे ‘हात आवर’ म्हणत, शिव्या देणाऱ्याला ‘तोंड आवर’ म्हणत. राग आहे तर असू दे, पण हात तुझा आहे, तो आवर, असा त्याचा रोख असे. बातमीच्या मराठीने ‘हात’ गाळला आणि ‘राग’ ठेवला.

न्यायालयातला ‘आवर’

हा प्रश्न शब्दांपुरता राहत नाही, कारण फौजदारी कायदा याच भेदावर उभा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० ला जोडलेल्या पहिल्या अपवादानुसार, गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे स्वतःला आवरण्याची शक्तीच हिरावली गेली असताना एखाद्याने चिथावणी देणाऱ्याचा जीव घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो आणि शिक्षा सौम्य होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम १०१ खाली आहे. कायद्याने तिला कुंपणही घातले आहे. चिथावणी आरोपीनेच निमित्त म्हणून ओढवून घेतलेली नसावी. लोकसेवकाच्या कायदेशीर कृतीमुळे किंवा दुसऱ्याने स्वसंरक्षणाचा हक्क बजावल्यामुळे राग आला, तर ती चिथावणी धरली जात नाही. ‘अनावर’ हा शब्द कायद्याला मान्य आहे, पण तो सिद्ध करावा लागतो.

तो कसा तपासला जातो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचेच आहे. नौदलातील अधिकारी कमांडर कावस नानावटी यांच्या पत्नीने २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांच्याजवळ प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर नानावटी यांनी पत्नी आणि मुलांना मोटारीतून चित्रपटगृहात नेऊन सोडले, ते आपल्या जहाजावर गेले, खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आधी आहुजांच्या कार्यालयात गेले, तिथे ते नाहीत असे कळल्यावर त्यांच्या घरी गेले. तिथे गोळ्या झाडल्या गेल्या आणि आहुजा मरण पावले. मग नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे गेले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बचाव पक्षाच्या दोन बाजू होत्या. झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या, ही एक. आणि तसे नसले तरी चिथावणी गंभीर व अचानक होती, ही दुसरी. दुसऱ्या बाजूबाबत न्यायालयाने रागाची तीव्रता मोजत न बसता घड्याळ पाहिले. नानावटी घरातून निघाले ते दुपारी दीडच्या सुमारास, मृत्यू झाला चार वाजून वीस मिनिटांनी. मधला सुमारे तीन तासांचा वेळ स्वतःला आवरण्यास पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. मुलांच्या चित्रपटाची व्यवस्था लावणारा माणूस भानावर नव्हता असे मानायला ते तयार झाले नाही. प्राणघातक कृती भावनेच्या उद्रेकातूनच घडलेली दिसली पाहिजे, भावना निवायला वेळ मिळाल्यानंतरची ती नसावी, ही कसोटी या निकालाने घट्ट केली.

त्या काळातील जनमत बऱ्याच अंशी नानावटींच्या बाजूने होते. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने तर त्यांची बाजू उघडपणे लढवली. १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली. मरण पावलेल्याची बाजू मांडणाऱ्यांचा आवाज त्या गदारोळात क्षीणच राहिला. या खटल्यावरून मधुसूदन कालेलकरांनी लिहिलेले मराठी नाटक रंगभूमीवर आले, त्याचे नाव ‘अपराध मीच केला’. त्या नावातला ‘मीच’ बातम्यांच्या भाषेतून सहसा हरवलेला असतो.

बातमीतली कारणे

घटना आणि कारण यांना जोडणारा ‘ल्याने’ हा प्रत्यय बातमीदाराला फार उपयोगी पडतो. ‘चालकाचा ताबा सुटल्याने मोटार दुभाजकावर आदळली’, ‘संयमाचा बांध फुटल्याने जमावाने दगडफेक केली’, ‘राग अनावर झाल्याने मुलाने बापावर कोयत्याने वार केले.’ ताबा सुटतो, बांध फुटतो, राग अनावर होतो. मोटार, धरण आणि माणूस यांच्यासाठी एकच साचा. चालक मद्य प्यायला होता की रस्त्यात खड्डा होता, हे पहिल्या वाक्याने शोधावे लागत नाही. दगड आधीपासून गोळा केलेले होते का, हे दुसऱ्याने विचारावे लागत नाही. कोयता कोणत्या खोलीतून आणला, हे तिसऱ्याने.

शिवाय ‘अनावर झाल्याने’ हे बहुतेक वेळा आरोपीचे किंवा त्याच्या घरच्यांचे म्हणणे असते. पोलिसांच्या कागदात ते तसे नोंदले जाते, तिथून बातमीत येते आणि येताना ‘असे त्याने सांगितले’ हा भाग गळून पडतो. जे म्हणणे न्यायालयात सिद्ध व्हायला साक्षीपुरावे लागतात, महिने-वर्षे लागतात, ते दुसऱ्या दिवशी सकाळी छापील मजकुरात सिद्ध झालेले असते. मेलेल्या व्यक्तीला त्यावर बोलता येत नाही.

ज्या घरांत मारहाण रोजचीच असते तिथे तर हा शब्द अधिकच खटकतो. वरिष्ठांसमोर, सावकारासमोर, रस्त्यावरच्या पोलिसासमोर ज्याचा राग दररोज नीट आवरतो, त्याचा तो उंबरठ्याच्या आतच अनावर होतो. असा राग माणसे ओळखतो, जागा ओळखतो, कोणावर निघाला तर परतफेड होणार नाही हेही ओळखतो. त्याला ‘अनावर’ म्हणायला भाषेत आधार सापडत नाही.

यावरचा उपाय फार अवघड नाही आणि त्याने बातमीची लांबीही वाढत नाही. ‘जेवणावरून वाद झाला. त्यानंतर पतीने स्वयंपाकघरातून वरवंटा आणून पत्नीच्या डोक्यात घातला. आपल्याला राग आवरला नाही, असे त्याने पोलिसांना सांगितले.’ यात राग आहे, वादही आहे. ‘आणून’ आणि ‘घातला’ या दोन क्रिया त्याच्या नावावर आहेत, आणि न आवरण्याचे म्हणणे ज्याचे आहे त्याच्याच तोंडी राहिले आहे.